मुंबईजवळ पोरांना निसर्ग दाखवायचाय? ऐरोली आधी, बोरिवली नंतर

थंडी पडायला लागली की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास प्रश्न येतो, मॉल सोडून मुलांना कुठे नेता येईल. उत्तरही ठरलेलं, बोरिवलीचं नॅशनल पार्क. माझं मत थोडं वेगळं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितेय. माझी मोठी आठ वर्षांची आणि धाकटा साडेचारचा, त्या हिशोबाने वाचा, दहावी-बारावीतली मुलं असतील तर सगळंच गणित वेगळं.

माझं म्हणणं एवढंच की एवढ्या वयात मोठा प्राणी लांबून दाखवण्यापेक्षा छोटा प्राणी जवळून दाखवावा. बिबट्या दाखवतो सांगून नेलेलं पोर दिवसभर बिबट्या कुठाय बिबट्या कुठाय करत बसतं, आणि जंगलातला बिबट्या काही आपल्या सोयीने येत नाही.

तर ऐरोली. बोर्डावरचं नाव किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र वगैरे लांबलचक आहे, रिक्षावाल्याला फ्लेमिंगो सेंटर म्हटलं की पुरतं. वनविभागाच्या कांदळवन (म्हणजे मँग्रोव्ह, खाडीकाठची झाडी) कक्षाचं आहे. ठाणे-वाशी लाइनवर ऐरोली स्टेशनला उतरायचं, तिथून रिक्षा, किंवा मुलुंडकडून ऐरोली पुलावरून गाडीने. सगळे येतात बोटीसाठी, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला २०१५ मध्ये आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीतही गेली, म्हणजे जगात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागांमध्ये. नोव्हेंबरच्या आसपास पक्षी यायला लागतात ते मेपर्यंत असतात, पण मुलांना न्यायला मला जानेवारी ते मार्च बरा वाटतो, नंतर ऊन सोसवत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. बोट भरती-ओहोटीवर चालते, आपल्या रविवारच्या झोपेवर नाही. वेळ रोज सरकते, कधी सकाळी सातला असेल तर कधी दुपारी, म्हणून आधी वेळ बघायची, बुकिंग करायचं आणि मगच पोरांना सांगायचं. शनिवार-रविवारच्या जागा पटापट भरतात. लाइफ जॅकेट घालून एकदा बोट खाडीत गेली की समोरच्या काठाला भांडुप-मुलुंडचे टॉवर, मध्ये पाण्यात उभे विजेचे मनोरे, आणि त्यांच्या पायाशी गुलाबी पट्टा. जवळ गेलं की कळतं तो पट्टा नाही, हजारो पक्षी माना खाली घालून जेवतायत. चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातात ते. मोठीने विचारलं सगळे गुलाबी का नाहीत, तर पिल्लं करडी असतात आणि गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातून वगैरे. त्यावर धाकट्याचा प्रश्न, मग मी गाजर खाल्लं तर? (घरी आल्यावर गाजर खाल्लं, हा फायदा धरून चाला.) दोन जाती आहेत (फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात), लहान रोहित जास्त गडद आणि चोचही गडद, मोठा रोहित उंच आणि जरा फिकट. बोटीतल्या गाइडने सांगितल्यावर मुलांनी पुढचा अर्धा तास फक्त लहान का मोठा हेच केलं.

पण खरं सांगू का, दोघांनाही बोटीपेक्षा चिखल आवडला. कांदळवनातून लाकडी बोर्डवॉक आहे, त्यावर ओहोटीच्या वेळी जाऊन नुसतं उकिडवं बसायचं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही, घाणेरडा चिखल आणि त्यातून वर आलेली तिवराची, म्हणजे तिथल्या कांदळवनाच्या झाडाची, पेन्सिलीएवढी मुळं, जी श्वास घ्यायला वर येतात. मग चिखल हलायला लागतो. एक निवटी (चिखलात राहणारा छोटा मासा, मडस्किपर) टुणकन उडी मारून बाहेर, परांवर रेलून बसलेली, डोळे पार डोक्याच्या वर, मध्येच अंग चिखलात लोळवून ओलं करून घेते कारण कातडी ओली असेल तरच तिला त्यातून श्वास घेता येतो. मासा असून चालतो हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि दोन हातांवर बघणं वेगळं. त्याच्या बाजूला फिडलर खेकडे, नराची एकच नांगी अंगापेक्षा मोठी वाटावी एवढी, ती वर-खाली वर-खाली करतो, माद्यांना बोलवायला. धाकटा म्हणाला आई तो बाय करतोय, आणि मग हाही त्याला बाय करत बसला, किती वेळ ते विचारू नका. मोठीने तिवराच्या पानाला जीभ लावून बघितली, खारट लागते, झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चाखायला आम्ही सांगितलं नव्हतं, खाडीचं पाणी कसं आहे सगळ्यांना माहितीय, तुम्ही बोटाने पुसून दाखवा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तिथल्याच, आगरी, त्यांना फोटो दाखवला तर म्हणाल्या बघतेस काय, कालवण करायचं असतं निवट्यांचं. मुलं दोन दिवस काकूंशी बोलत नव्हती.

वास येतो हे आधीच सांगते, खाडी आहे. टोपी, पाणी, जुने बूट. सोमवारी जाऊ नका, सुट्टी असते.

दुसरा नंबर माझ्याकडे महाराष्ट्र निसर्ग उद्यान, सायन-बांद्रा लिंक रोडवर, धारावीच्या समोर. ३७ एकर, पूर्वी मुंबईचा कचरा टाकायची जागा, त्यावर झाडं लावून १९९४ ला लोकांसाठी उघडलं. आत शिरलं की गाड्यांचा आवाज हळूहळू कमी होतो, मागे मिठी नदी आणि पलीकडे बीकेसीच्या काचेच्या बिल्डिंगी. साडेचार वर्षांच्या पोराला स्वतःच्या पायांनी पूर्ण फिरता येतं, कडेवर घे घे होत नाही, ही माझ्यासाठी पाच स्टारची गोष्ट. झाडांवर पाट्या आहेत, वाचायला शिकलेल्या मुलाला तेवढाच उद्योग. पक्षी कान देऊन ऐका, तांबट टुक टुक टुक करत असतो तो शोधायला लावा, सापडेपर्यंत तुम्हाला निवांत बसता येतं. पावसाळ्यात मात्र डास भयंकर, फुल पँट घालाच.

आता बोरिवली. नॅशनल पार्क वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही, शहराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल, आत दोन तलाव, कान्हेरीच्या शंभरावर लेणी, असं दुसऱ्या कुठल्या शहराकडे आहे. पण रविवारी अकरा वाजता गेटवरून लहान मुलांना घेऊन शिरलात तर तुम्ही गर्दी बघाल, जंगल नाही. सकाळी उघडताना जा, कान्हेरीला बसने वर जा, लेण्यांत पाण्याची टाकी खडकात कशी खोदलीयत आणि पाटांनी पाणी कसं आणलंय ते दाखवा, ते मुलांना मूर्तींपेक्षा जास्त आवडतं. खाऊची पिशवी उघडी धरू नका, माकडं वाट बघतच असतात. दहाला परत फिरा.

गोरेगावला फिल्मसिटीला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, ३३ एकर. तिथे नुसतं उठून जाऊ नका, कार्यक्रम बघून आधी बुकिंग करून जा. फुलपाखरांसाठी घोडबंदर रोडची ओवळेकर वाडी, रविवारी सकाळी. ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, तळहाताएवढं, ते तिथे मोठीने बघितलं आणि शाळेत जाऊन सगळ्यांचं डोकं खाल्लं.

एक तक्रार, नाव घेत नाही. आम्ही एका खाजगी नेचर वॉकला पैसे भरून गेलो होतो, चाळीसेक मुलं आणि एक दादा, दादाच्या कमरेला स्पीकर. पक्षी काय थांबणारेत? वर मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलवत होता, विणीच्या हंगामात. असं कोणी करताना दिसलं तर सरळ सांगा बंद करा म्हणून. पैसे भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारा, एका माणसामागे मुलं किती आणि टॉयलेट कुठे.

आणि हो, खेळण्यातली दुर्बीण घेऊ नका, तिच्यातून काहीही दिसत नाही आणि ओढाताणीत भांडणं होतात. स्टेशनरीच्या दुकानातलं साधं भिंग घ्या, प्रत्येकाला वेगळं. शाळा सुरू असताना मधल्या वारी सुट्टी मिळाली तर ऐरोलीच उरका, बोटीत जागा मिळते. पुढच्या वेळी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याचा विचार आहे, पण किल्ल्याची चढण धाकट्याला झेपेल का बघते, कोणी या वयाच्या मुलाला नेलं असेल तर खाली सांगा, वर पाणी मिळतं का तेही.