पाणी तपासायची एच-टू-एस बाटली: काळी झाली तर लगेच माना, नाही झाली तर जपून

सोसायटीच्या टाकीतलं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी पिण्यालायक आहे का, हे घरच्या घरी बघायचं तर एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटलीइतकं स्वस्त आणि सोपं साधन दुसरं नाही. छोटी निर्जंतुक बाटली, आत वाळवलेली कागदी पट्टी किंवा पावडर, बाहेर २० मिलिलिटरची खूण. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, बाटली उबेला ठेवायची. पाणी काळं पडलं की त्यात मैल्याचे जंतू शिरलेत असं धरायचं. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी ज्या पाच-पाच महिलांना पाणी तपासणी शिकवली जाते, त्यांच्या ओळखीची ही वस्तू. शहरातल्या सोसायट्यांमध्ये मात्र ती क्वचितच दिसते, आणि गरज तिथेही तेवढीच आहे.

ही पद्धत आपल्याकडचीच आहे. मंजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली. पट्टीत पेप्टोन (प्रथिनांपासून बनवलेलं जंतूंचं खाद्य), सोडियम थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार असतो. सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला, क्लॉस्ट्रिडियम यांसारखे आतड्यात सापडणारे जंतू पेप्टोनवर वाढतात आणि थायोसल्फेटमधल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. हा वायू लोहाशी मिळाला की काळा गाळ बनतो. थायोसल्फेटचा आणखी एक फायदा म्हणजे नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन तो मारून टाकतो, त्यामुळे नमुन्यातले जिवंत जंतू बाटलीत मरत नाहीत.

निकाल चुकतो तो बहुतेक वेळा नमुना घेताना. नळाला जाळी किंवा रबरी नळी असेल तर आधी काढा. तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पाणी एक-दोन मिनिटं वाहू द्या आणि मगच बाटली धरा. झाकण खाली ठेवायचं नाही, हातात उलटंही धरायचं नाही. बाटलीच्या तोंडाला बोट लागलं तर ती बाटली बाद. खुणेच्या वर भरलं तर औषध पातळ होतं, कमी भरलं तर तपासलेलं पाणीच कमी पडतं.

उबेचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. ३० ते ३७ अंशांत निकाल बहुधा १२ ते २४ तासांत दिसतो. डिसेंबर-जानेवारीत घरातच २० अंश असेल तर जंतू सावकाश वाढतात, आणि २४ तासांनी पाणी तसंच दिसलं म्हणून बाटली फेकली तर निकाल खोटा. थंडीत ती ४८ तास ठेवाच. फ्रिजवर मागच्या बाजूला किंवा वायफायच्या राउटरवर पुरेशी ऊब मिळते. उन्हात ठेवू नका, बंद बाटली फार तापते.

एकच बाटली भरून मोकळं होण्यात अर्थ नाही. या साधनाची खरी ताकद एकाच दिवशी पाच-सहा ठिकाणचे नमुने घेण्यात आहे: मीटरजवळचा नळ, तळटाकी, गच्चीवरची टाकी, स्वयंपाकघरातला नळ आणि प्युरिफायरची तोटी. मीटरपाशी स्वच्छ आणि तळटाकीत काळं आलं, तर दोष आवारातच आहे. टाकीचं झाकण, भिंतीची चीर किंवा जवळून गेलेली ड्रेनेजची लाइन तपासा. तळटाकी स्वच्छ आणि गच्चीवर काळं, तर उघडं झाकण, पक्षी आणि तळाचा गाळ. नळ स्वच्छ आणि प्युरिफायरचं पाणी काळं, असंही घडतं. आरओ प्युरिफायरमधल्या कार्बन फिल्टरने क्लोरीन काढून टाकलेला असतो, त्यामुळे साठवण टाकीत किंवा तोटीत जंतू शिरले की त्यांना रोखणारं काही उरत नाही.

ज्यांच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यांनी मीटरपाशी दोन नमुने घ्यावेत: एक पाणी सुटताच (हा एकच नमुना पाणी वाहू न देता घ्यायचा), दुसरा दहा मिनिटांनी. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि गळक्या सांध्यातून आजूबाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पहिली बाटली काळी आणि दुसरी स्वच्छ निघाली, तर संशय रस्त्याखालच्या लाइनवर. पालिकेकडे तक्रार करताना हा जोडनिकाल 'पाण्याला वास येतो' यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो.

आता मर्यादा. बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असेल, म्हणजे उपसतानाच सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर बाटली काही मिनिटांतच काळी पडते. तो जंतूंचा निकाल नाही. भूजलातले काही निरुपद्रवी जंतूही ती काळी करू शकतात. शिवाय ई. कोलाय, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानला जाणारा आतड्यातला जंतू, स्वतः सहसा हायड्रोजन सल्फाइड बनवत नाही, बाटली त्याच्या सोबत्यांवरून अंदाज बांधते. म्हणून काळ्या निकालानंतर पाणी उकळायला लगेच घ्या आणि पक्क्या तपासणीसाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्या.

खरा धोका न काळवंडलेल्या बाटलीचा. आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. इथे आपण तपासतो फक्त २०. मैला थोडाच मिसळला असेल तर एका बाटलीतून तो सहज निसटतो, म्हणून महत्त्वाच्या जागेचा नमुना पाच बाटल्यांत घ्या. कावीळ पसरवणारे हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू, जिआर्डियासारखे परजीवी यांतलं काहीच ही बाटली दाखवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव भागात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. तो जंतू अशा बाटलीत वाढत नाही. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा धरणातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाची विषं यांच्याशी तर तिचा संबंधच नाही, आणि ती विषं पाणी उकळूनही जात नाहीत.

म्हणून ही बाटली एकटी घेऊ नका, सोबत क्लोरीन तपासणीचा संच घ्या. नळाच्या पाण्यात उरलेला मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, विषाणूंची भीती असेल तर ०.५. गावात जी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतात तिचा पिवळा रंग द्रव टाकल्यापासून दहा सेकंदांत वाचायचा, उशिरा वाचला तर संयुक्त, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला कमजोर क्लोरीनही मोजला जातो आणि आकडा फुगतो. ओटीचा द्रव विषारी आहे, हाताला लागू देऊ नका. क्लोरीन असेल तर गुलाबी रंग दाखवणारा डीपीडी संच मिळत असेल तर आमची पसंती त्यालाच.

क्लोरीन शून्य निघाला तर टाकी धुऊन १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घाला. पावडर थेट टाकीत टाकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी ओता आणि अर्ध्या तासाने पुन्हा क्लोरीन बघा. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो, तेव्हा ५ ग्रॅमचा हिशेब चालत नाही.

बाटल्या घेताना मुदत बघा, पट्टी ओलसर किंवा आधीच काळपट असेल तर परत करा. प्रत्येक खेपेत एका बाटलीत उकळून गार केलेलं पाणी भरून सोबत ठेवा. तीही काळी झाली तर बाटल्यांत किंवा तुमच्या हाताळणीत दोष आहे, त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. काळी बाटली उघडून वास घेऊ नका, आत जंतूंची दाट वाढ असते. हातमोजे घालून तिच्यात टीसीएलचं दाट द्रावण ओता, अर्धा तास थांबा, पाणी संडासात टाका. ती बाटली धुऊन पुन्हा वापरायची नाही.