हिवतापावर एमएस्सीचा प्रोजेक्ट: स्लाइडचे फोटो घ्यावेत की परजीवीचा जीनोम?

नाशिकच्या कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी, बायोटेकची मुलं हल्ली हिवताप आणि मशीन लर्निंग हा विषय मागतात. मागा, पण मशीनपुढे काय ठेवणार हे गाइडकडे जाण्याआधी ठरवा.

फोटोंचा रस्ता सोपा दिसतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने २७,५५८ रक्तपेशींचे फोटो मोफत दिलेत, निम्म्या बाधित, निम्म्या निरोगी. लॅपटॉप पुरतो, ९५ टक्क्यांवर अचूकताही पटकन येते. मला तिचाच संशय येतो. या सगळ्या पेशी बांगलादेशातल्या चितगाव मेडिकल कॉलेजच्या २०० रुग्णांच्या. सरसकट पिसून निम्म्या शिकवायला, निम्म्या तपासायला घेतल्या, तर एकाच रुग्णाच्या, त्याच रंगाच्या पेशी दोन्हीकडे जातात. पेपर फुटल्यासारखंच ते. वाटणी रुग्णानुसार करा. आकडा उतरला तर उतरू दे. शिवाय हा संच फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीचा आहे, आपल्याकडे व्हायवॅक्स ही त्याची दुसरी जातही असते. आणि यावर इतके प्रोजेक्ट होऊन गेलेत की परीक्षक आधीच कंटाळलेले असतात.

जीनोमची, म्हणजे परजीवीच्या संपूर्ण डीएनएची, सुरुवात जड जाते. फाल्सिपेरमचा जीनोम २००२ साली वाचला गेला: १४ गुणसूत्रं, सुमारे २.३ कोटी अक्षरं, त्यातली ८० टक्के फक्त ए आणि टी (डीएनएच्या चार अक्षरांपैकी दोन). सिक्वेन्सिंगचा खर्च मात्र तुम्हाला करायचा नाही. मॅलेरियाजेन या हिवतापाच्या जीनोमवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या पीएफ-७ संचात ३३ देशांतले २० हजारांवर नमुने आहेत. कच्च्या फाइलींच्या नादी लागू नका, उत्परिवर्तनांचे तयार तक्ते घ्या. थोडं पायथॉन मात्र हवंच.

इथेही तोच खड्डा आहे, फक्त वेष वेगळा. आर्टेमिसिनिन या हिवतापाच्या औषधाला परजीवीने दाद न देण्याशी केल्च-१३ या जनुकातले बदल जोडलेले आहेत. त्यातला सी५८०वाय कंबोडियाकडे पसरला, आर५६१एच रवांडात सापडला. म्हणजे मॉडेल प्रतिरोध शिकण्याऐवजी नमुना कुठल्या देशाचा एवढंच शिकून बसू शकतं. म्हणून एक अख्खा देश बाजूला ठेवून तपासा. आणि हे दोन बदल नुसते शोधायचे असतील तर मशीन लर्निंग लागतच नाही, तक्त्यात बघितलं की झालं. ते हवं जिथे अनेक जनुकांचा एकत्र परिणाम बघायचा आहे तिथे.

मी जीनोमकडे झुकेन. त्यात प्रश्न तरी जीवशास्त्राचा उरतो. भारताचे नमुने आफ्रिकेच्या मानाने थोडे आहेत, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

अपवाद एकच. गाइडची ओळख असेल आणि पेठ-सुरगाण्याकडच्या आरोग्य केंद्रांतल्या जुन्या स्लाइड बघायला मिळणार असतील, तर फोटोच घ्या. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या हाताने रंगवलेल्या स्लाइडवर चितगावचं मॉडेल कितपत टिकतं, हा चांगला प्रश्न आहे. त्यासाठी एथिक्स कमिटीचा आणि जिल्हा हिवताप कार्यालयाचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, दिवाळीनंतर नको.