युगांडात पोरांना शिकवायला गेलो होतो, एजन्सीचा खरा अनुभव (3 स्टार, तेबी नर्सबाईंमुळं)

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत मास्तर आहे, नोकरीची 22 वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये सुट्टी लागल्या लागल्या 4 आठवडे युगांडाला जाऊन आलो, व्हॉलंटियर म्हणून. लेक पुण्याला असते तिनं मोबाईलवर दाखवलं, पप्पा बगा तुमच्यासारख्यांचंच काम आहे, लहान पोरांना शिकवायचं आणि आरोग्य शिबिरात मदत करायची. आई म्हणाली आफ्रिकेत कशाला मरायला, हितं पोरं कमी पडालेत काय. तिचं अगदीच चुकलं नव्हतं म्हणा. व्हॉलंटियर नेणाऱ्या त्या एजन्सीचं नाव लिहीत नाही कारण पैसे परत मागायच्या ईमेल अजून चालू आहेत.

फी घेतली 95 हजार, विमान वेगळं. त्यात एअरपोर्टवरनं नेणं, खोली, दोन वेळचं जेवण आणि एक टी-शर्ट. 2023 पासनं मुंबई-एन्टेबी (युगांडाचं मोठं विमानतळ) थेट विमान आहे युगांडा एअरलाइन्सचं, त्यामुळं दुबईला बदलायची कटकट नाही, बेळगावातनं रात्रीची बस धरली की सकाळी मुंबई. यलो फिव्हरची लस मात्र आधी घ्या, युगांडात शिरताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतंच, लस जायच्या किमान 10 दिवस आधी घ्यायला लागते आणि ती कुठल्याबी दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या सेंटरलाच मिळते. मी त्यासाठी वेगळी मुंबई केली. एकदा घेतली की जन्मभर चालते एवढंच समाधान. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात हयगय नको.

आता पहिली खटकलेली गोष्ट. मी लहान पोरांत काम करायला चाललोय, तर माझी पोलीस व्हेरिफिकेशन मागतील म्हणून मी आधीच बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात त्याची चौकशी करून ठेवली होती. कुणी मागितलंच नाही! पैसे भरल्याची पावती मागितली, टी-शर्टचा साईज मागितला, संपलं. आणि व्हिसाचं म्हणाल तर 50 डॉलरचा टुरिस्ट ई-व्हिसा काढा आणि विचारलं तर फिरायला आलोय म्हणा असं फोनवर सांगितलं. मला शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगायची सवय, त्यामुळं इमिग्रेशनच्या लायनीत घाम फुटला. तुम्ही जाणार असाल तर कुठलं परमिट लागतं ते लेखी मागा, तोंडी नको.

राहायची सोय जिंजाजवळ, कंपालापासनं साधारण 80 किलोमीटर. तिथंच व्हिक्टोरिया सरोवरातनं नाईल नदी निघते आणि काठावर गांधीजींचा पुतळा आहे, 1948 साली त्यांच्या अस्थी तिथं सोडल्या होत्या. पुढं काकिराला माधवानी या गुजराती घराण्याचा साखर कारखाना, दोन्ही बाजूला ऊसच ऊस, ट्रॅक्टर-ट्रॉल्या बगून मला एकदम चिकोडी-निपाणी रोडवर आल्यासारखं वाटलं. 1972 ला तिथला हुकूमशहा इदी अमीननं आपल्या लोकांना 90 दिवसांत हाकललं होतं, माधवानी पुढं परत आले. आता आपल्याला बगून पोरं "मुयिंडी, मुयिंडी" म्हणून हाका मारतात, म्हणजे इंडियावाला.

जेवणाला तक्रार नाही. मक्याच्या पिठाचा पोशो, कच्च्या केळ्यांचं मटोके आणि वर शेंगदाण्याची आमटी, हो शेंगदाण्याचीच, जरा तिखट कमी. सकाळी नाचणीची पेज. आपण नाचणी आपली आपली म्हणतो पण तिचं मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातलं, मी मास्तर असून हे मला तिथल्या स्वयंपाकीण मावशीनं सांगितलं.

शाळेबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण फोटोत दिसतं तसं काही नाही. मला दुसरीचा वर्ग दिला, पोरं नव्वदच्या पुढं. बाक कमी, पहिल्या दिवशी अर्धी पोरं जमिनीवर. युगांडात 1997 पासनं प्राथमिक शिक्षण फुकट केलंय, पोरं शाळेत आली पण मास्तर आणि खोल्या त्या मानानं वाढल्या नाहीत, म्हणून कमी फीच्या खाजगी शाळा गल्लोगल्ली निघाल्यात, आमची तसलीच एक. सरकारी धोरण 2007 पासनं असं की पहिल्या तीन वर्गांत घरच्या भाषेत शिकवायचं, तिथं लुसोगा बोलतात. पण पालकांना इंग्लिश पाहिजे म्हणून शाळेत पहिलीपासनं इंग्लिश, आणि लुसोगा बोलताना सापडलं तर गळ्यात लाकडाची पाटी. ती पाटी घातलेलं एक पोरगं माझ्याकडं बगून हसलं आणि मला काय बोलावं कळंना. आपल्या सीमाभागात घरात मराठी, गल्लीत मराठी-कन्नड दोन्ही, आणि आई-बापाचा जीव इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये. माझ्याच शाळेचा पट दरवर्षी का उतरतो ते मला युगांडात बसून पुन्हा एकदा दिसलं.

एजन्सीनं सांगितलेलं "तुम्ही गाणी शिकवा, खेळ घ्या, पोरं खूश होतात". पोरं खूश होतात हो, पण तासाला त्यांची बाई मागं खुर्चीवर बसून राहायची आणि तिचा घेतलेला पाठ तसाच पडायचा. माझ्या आधी कॉलेजची दोन पोरं येऊन गेली होती त्यांनीबी तेच एबीसीचं गाणं शिकवलेलं, त्यांच्या आधीच्यांनीबी तेच. दर पंधरा दिवसाला नवा मास्तर आणि जुनंच गाणं! चौथ्या दिवशी मी बाईंना म्हटलं तुम्ही लुसोगातनं शिकवा, मी साहित्य करतो. आपण चिंचोके घेतो ना बेरजेला, तसं सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली, दहा-दहाच्या माळा ओवल्या, हातच्याची बेरीज त्यावर घेतली. तिथनं पुढं जमलं. माझं इंग्लिश त्यांना कळत नव्हतं आणि त्यांचं मला, हे मान्य करायला तीन दिवस गेले.

आणि चौथ्या आठवड्यात शाळाच बंद. मे महिन्याच्या सुरुवातीला तिथलं पहिलं सत्र संपतं, हे कॅलेंडर सरकारच जाहीर करतं, एजन्सीला माहीत नसणार असं होतंच नाही. तरी 4 आठवड्यांचे पैसे घेतले. त्या आठवड्यात "अनाथाश्रम भेट" घ्या म्हणाले, वेगळे पैसे देऊन. मी एकदाच गेलो. एका पोरीला विचारलं आई कुठं, तर बाजारात टोमॅटो विकते म्हणाली. नंतर कळलं की असल्या आश्रमांतल्या बहुतेक पोरांचे आई किंवा बाप जिवंत असतात, पाहुणे येतात म्हणून पोरं ठेवली जातात. आमच्या ग्रुपमधले लोक पोरांना कडेवर घेऊन सेल्फी काढत होते. मी बाहेर बोडा-बोडावाल्याशी (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याशी) गप्पा मारत थांबलो.

आता तीन स्टार कशाला ते सांगतो. दर गुरुवारी सरकारी हेल्थ सेंटरच्या नर्सबाईंबरोबर गावात जायचं होतं. बरोबर गावचे आरोग्य स्वयंसेवक, व्हीएचटी म्हणतात, म्हणजे आपल्या आशा कार्यकर्त्याच. आंब्याच्या फांदीला तागडी टांगायची, पोराला झोळीत बसवायचं, वजन लिहायचं. मग दंडाला ती कुपोषण बगायची रंगीत पट्टी, 11.5 सेंटीमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळा, वर हिरवा. अगदी आपल्या अंगणवाडीतली पट्टी. मला फक्त वहीत लिहायचं काम दिलं आणि ते बरोबरच होतं. एजन्सीच्या को-ऑर्डिनेटरनं मात्र आमच्यातल्या एका 19 वर्षांच्या पोरीच्या हातात मलेरिया टेस्टची सुई दिली, "घ्या, चांगला एक्सपीरियन्स मिळेल". नर्सबाईंनी सुई काढून घेतली आणि लुसोगात असं काही सुनावलं की भाषा न कळता अर्थ कळला. पायात जिगर नावाची पिसू शिरते तिकडं, बोटं सुजून पोरांना चालता येत नाही, घरात एकाच पिनेनं सगळ्यांची काढतात म्हणून दुसरे रोग लागतात. बाई पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात पोरांचे पाय भिजवायच्या आणि ही पिसू मातीत राहते म्हणून आयांना घरातल्या मातीच्या जमिनीबद्दल समजावायच्या, मी बादल्या भरायचो. चार गुरुवारांत मी शंभरेक बादल्या तरी ओतल्या असतील. माझ्या 95 हजारांतलं खरं काम म्हणाल तर एवढंच.

त्या बादल्या, परमँगनेट, वह्या कुणी आणल्या विचारलं तर हेल्थ सेंटरनं. एजन्सीकडनं काय मिळतं? खडूचे दोन खोके आणि टी-शर्ट, असं शाळेचे हेडसर हसत म्हणाले.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी फेब्रुवारी-मार्चला जावं, सत्र चालू असतं. नर्सिंग झालेलं असेल, लॅब टेक्निशियन असेल, निदान दोन-तीन महिने काढता येत असतील तर उपयोग आहे, पंधरा दिवसांचं तर घेऊच नका. सरोवरात पोहायला उतरू नका, बिलहार्झिया रोगाचे बारीक किडे कातडीतनं शिरतात. आणि गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) न्या, टिकतो, मी नेलेले दोन डबे स्टाफरूममध्ये एका मधल्या सुट्टीत संपले.

बंद आठवड्याचे पैसे परत मागितले त्याला आता पाचवा महिना. परवा उत्तर आलं, रिफंड पॉलिसीत बसत नाही, पण सदिच्छा म्हणून अजून एक टी-शर्ट पाठवतो, साईज कळवा.