फायटरच्या छोट्या टँकला कुठला फिल्टर घ्यावा: स्पंज, हँग-ऑन, इंटरनल की नुसती झाडं?

बेट्टा म्हणजे आपल्याकडचा फायटर. त्याच्यासाठी फिल्टर घ्यायला दुकानात गेलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक जण सांगतो अहो याला फिल्टर लागतच नाही, बरणीत पण मस्त राहतो, आणि दुसरा टँकच्या पॅकेजमध्ये जो इंटरनल (म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा) फिल्टर येतो तोच हातात ठेवतो, सगळ्या माशांना हाच चालतो म्हणून. थायलंडने २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं आणि आपल्याकडे तो अजून प्लास्टिकच्या ग्लासात झाकण लावून विकला जातो, मला खरंच बघवत नाही ते.

आता "लागत नाही" म्हणणारे अर्धे बरोबर असतात. फायटरला कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन तोंडाने हवा घेतो, पाण्यातला ऑक्सिजन थोडा कमी असला तरी त्याचं भागतं. पण त्याच्या शी-शूचं आणि उरलेल्या खाण्याचं पाण्यात अमोनिया होतं, ते कल्ले आणि पंख जाळतं, आणि त्यावर हवेतून श्वास घेऊन काही उपयोग नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया लागतात, आणि ते फिल्टरमधल्या स्पंजवर, सिरॅमिक रिंगवर वस्ती करतात. म्हणजे फायटरसाठी आपण फिल्टर घेतो तो बॅक्टेरियाला घर म्हणून, पाणी जोरात फिरवायला नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेल्या "तासाला अमुक लिटर" ची भुरळ पडत नाही.

मूळचा हा मासा थायलंडच्या भातखाचरातला, दलदलीतला, उथळ संथ पाण्यातला. त्यात आपण दुकानातून आणतो ते हाफमून, क्राउनटेल, म्हणजे माणसाने निवड करकरून लांब केलेले पंख. ते अंगावर घेऊन प्रवाहात पोहणं म्हणजे नऊवारी नेसून नदीत पोहण्यासारखं आहे. प्लाकाट म्हणजे आखूड पंखांचा असेल तर त्याला जरा जास्त प्रवाह चालतो, तो ताकदीने पोहतो.

तर सगळ्यात आधी प्रवाहाचंच बघू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. दुकानात मिळणारा १२ बाय ८ बाय ८ इंची टँक काठोकाठ भरला तरी १२-१३ लिटरच होतो. एक फुटी क्यूब साधारण २७ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की २२-२३ उरतं. (फायटरला निदान २० लिटर द्याच असं माझं मत आहे, त्यापेक्षा कमी पाण्यात कुठलाही फिल्टर लावा, पाणी पटकन बिघडतं.) साधारण छोटा हँग-ऑन (म्हणजे टँकच्या काठावर बाहेरून टांगायचा) किंवा इंटरनल फिल्टर तासाला २०० ते ३०० लिटर पाणी फेकतो, म्हणजे त्या क्यूबचं पाणी तासाला नऊ ते तेरा वेळा फिरणार, आणि फायटरला तीन-चार वेळा फिरलं तरी भरपूर झालं. इंटरनलमध्ये तर हे पाणी एका बारीक नळीतून पिचकारीसारखं सरळ येतं. काहींना स्पीड कमी करायचा खटका असतो पण स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये कमीत कमी केलं तरी ते जास्तच राहतं. नळी काचेकडे वळवून जोर मोडता येतो, स्प्रे बार (ओळीने भोकं असलेली नळी) लावून अजून कमी होतो, तरी छोट्या टँकमध्ये माशाला प्रवाहापासून लपायला कोपराच उरत नाही. हँग-ऑनचं पाणी धबधब्यासारखं वरून पडतं, त्याच्याखाली स्पंजचा तुकडा अडकवला किंवा प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला भाग लावला की पाणी पसरून पडतं आणि बराच फरक पडतो.

स्पंज फिल्टरला स्वतःची मोटरच नसते. एअर पंपातून हवा येते, बुडबुडे नळीतून वर जातात आणि वर जाताना पाणी ओढून नेतात, त्यामुळे आजूबाजूचं पाणी स्पंजातून हळूहळू आत येतं. हवेच्या पाइपवर ती छोटी व्हॉल्व्हची चावी बसवली की पाहिजे तेवढं मंद करता येतं, अगदी एकेक बुडबुडा येईपर्यंत. पंप जास्त जोराचा असेल तर टी (इंग्रजी T सारखा जोड) जोडून जादाची हवा बाहेर सोडून द्या, नुसती चावी घट्ट आवळली तर पंपावर दाब येतो आणि आतला रबर लवकर जातो.

प्रवाह बरोबर आहे का हे बघायची सोपी युक्ती आहे. खाण्याचा एक दाणा पाण्यावर टाका आणि बघत बसा. तो दाणा गरागरा फिरत टँकची चक्कर मारत असेल तर प्रवाह जास्त आहे, रमतगमत एका बाजूला सरकला तर ठीक. आणि मासा स्वतःच सांगतो. प्रवाह जास्त झाला की तो हीटरच्या मागे नाहीतर पानाखाली अंग चोरून बसतो, पंख मिटलेले असतात, हवा घ्यायला वर येताना तिरका वाहत जातो आणि परत खाली येऊन दमल्यासारखा पडून राहतो. काही दिवसांनी पंखांच्या कडा दोऱ्या निघाल्यासारख्या दिसायला लागतात आणि मग लोक फिन रॉटचं, म्हणजे पंख कुजण्याचं, औषध आणायला धावतात. प्रवाह मंद असेल तर नर कोपऱ्यात बुडबुड्यांचं घरटं करतो, हँग-ऑनच्या धबधब्याखाली ते घरटं टिकत नाही.

आवाजाच्या बाबतीत मात्र स्पंजची बाजू थोडी लंगडी आहे. फिल्टर शांत असतो, पण एअर पंप घुरघुरतो, आणि टँक बेडरूममध्ये असेल तर रात्री तो घूं आवाज डोक्यात जातो. पंप लाकडी टेबलावर डायरेक्ट ठेवू नका, खाली जाड फोम घाला किंवा दोरीने लटकवून ठेवा, निम्मा आवाज तिथेच जातो. बुडबुड्यांचा बुडबुड आवाज येतो तो मोठ्या बुडबुड्यांमुळे, नळीच्या आत एअर स्टोन (बारीक छिद्रांचा दगड) घातला की बुडबुडे बारीक होतात, आवाज कमी होतो आणि पाणी पण जास्त चांगलं ओढलं जातं. इंटरनल सगळ्यात शांत, हे मान्य करायला पाहिजे. हँग-ऑन पाणी काठापर्यंत असेल तोवर शांत, उन्हाळ्यात पाणी उडून दोन इंच खाली गेलं की नळ चालू ठेवल्यासारखा आवाज.

आता लाइट जाण्याचं. मुंबईत एखाद्याला वाटेल हा काय मुद्दा आहे, पण गावाकडे, तालुक्याच्या ठिकाणी, पावसाळ्यात लाइट तासन् तास जातात. फिल्टर बंद पडला की बॅक्टेरियाला ऑक्सिजन मिळेनासा होतो. स्पंज तसाच उघड्या पाण्यात बुडालेला असतो त्यामुळे त्यातले बॅक्टेरिया बराच वेळ तग धरतात, पण हँग-ऑनच्या आणि इंटरनलच्या बंद डब्यात पाणी थांबून राहतं, ते कुजट होतं आणि लाइट आले की तेच पाणी टँकमध्ये येतं. बराच वेळ लाइट नव्हते तर चालू करायच्या आधी आतला स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून घ्या. काही छोट्या हँग-ऑनची मोटर वरच्या डब्यात असते, त्यातलं पाणी उतरून गेलं तर लाइट आल्यावर ती कोरडीच फिरत राहते, त्यामुळे घेणार असाल तर मोटर पाण्यात बुडालेली असते तेच मॉडेल बघा. छोटा एअर पंप तीन-पाच वॅटचा असतो, इन्व्हर्टरवर कळत पण नाही, आणि यूएसबीचा पंप असेल तर पॉवर बँकवर रात्र निघते. मात्र पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा पाइपमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, ती वीस-तीस रुपयांची वस्तू नसेल तर लाइट गेल्यावर टँकचं पाणी पाइपातून उलटं पंपात येतं.

साफसफाईत तिन्ही सारखेच, फक्त एक नियम सगळ्यांना. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि नवा घेतल्यासारखा फिल्टर पुन्हा शून्यावर येतो. पाणी बदलताना काढलेल्या जुन्या पाण्यात तीन-चारदा पिळायचा, चॉकलेटी गाळ निघेल तो टाकून द्यायचा, स्पंज नव्यासारखा स्वच्छ करायच्या नादाला लागायचं नाही. हँग-ऑनबरोबर काळ्या कोळशाची कार्ट्रिज येते आणि कंपनी दर महिन्याला बदला म्हणते, तसं केलं तर बॅक्टेरिया पण दर महिन्याला कचऱ्यात. त्याजागी साधा स्पंज कापून बसवा.

अंडरग्रॅव्हल, म्हणजे खडीखालची जाळी, जुन्या दुकानात अजून देतात. फायटरच्या टँकला नको, खाली गाळ साठतो आणि काढायचा तर सगळा टँक उपसावा लागतो. कोपऱ्यात ठेवायचा पारदर्शक बॉक्स फिल्टर हवेवरच चालतो आणि चांगला आहे, आत सिरॅमिक रिंग आणि फ्लॉस (फिल्टरचा कापूस) भरता येतं, स्पंजचा भाऊच म्हणा.

काही जण फिल्टरच लावत नाहीत, माती घालून झाडं दाट लावतात, वर साल्विनिया, पिस्टिया सोडतात, मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडतात. हे चालतं, छान चालतं, झाडं अमोनिया थेट ओढून घेतात आणि प्रवाह शून्य. पण टँक मोठा हवा, मासा एकच हवा, खाणं मोजून हवं आणि झाडं खरोखर वाढत असायला हवीत, दोन प्लास्टिकची पानं आणि एक मरगळलेलं झाड एवढ्यावर नाही. पहिलाच टँक असेल तर मी या वाटेला पाठवणार नाही.

खर्च म्हणाल तर स्पंज साधारण दीड-तीनशे, त्यावर एअर पंपाचे दोन-चारशे, म्हणजे इंटरनलपेक्षा थोडं जास्त आणि बऱ्या हँग-ऑनच्या आसपासच. क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गेलात तर भाव करता येतो.

माझं उत्तर सरळ आहे: २० ते ३० लिटरचा टँक, एक फायटर, तर छोटा स्पंज फिल्टर, चावीसकट. एअर पंपाचा आवाज सहनच होत नसेल, किंवा टँक हॉलमध्ये शोभेला आहे आणि आत काळा स्पंज दिसायला नको असेल तर हँग-ऑन घ्या, पण धबधब्याखाली स्पंज, पाणी ओढणाऱ्या नळीवर स्पंजची टोपी (नाहीतर लांब पंख ओढले जातात), आणि फिल्टरसाठी झाकणात जी खाच राहते ती जाळीने बंद, कारण फायटर उडी मारतो. इंटरनल फक्त ४० लिटरच्या वर आणि स्प्रे बारसकट. पॅकेजमध्ये फुकट मिळाला म्हणून १२ लिटरमध्ये लावू नका.

आणि कुठलाही घेतलात तरी तो पहिल्या दिवसापासून काम करत नाही, बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे जातात. ओळखीत कोणाचा निरोगी माशांचा चालू टँक असेल तर त्याच्या जुन्या स्पंजचा तुकडा मागून घ्या, टँकच्याच पाण्यात पिशवीत ओला ठेवून आणा आणि आपल्या फिल्टरशेजारी टाकून द्या, हा काळ बराच कमी होतो. तसं कोणी नसेल तर आधी फिल्टर चालू करा आणि मासा नंतर आणा. आणि मासा आधीच घरात आला असेल तर खाणं अगदी थोडं द्या, दर दोन दिवसांनी पाव पाणी बदला, प्रत्येक वेळी अँटीक्लोरीन टाकून, आणि जमलं तर अमोनियाची टेस्ट किट घ्या.