आर्चेस ३०० जीएसएम कोल्ड प्रेस ब्लॉक: निसर्गचित्रासाठी आणि वर्गासाठी

जलरंगात निसर्गचित्रं काढणारा आणि ती शिकवणारा माणूस एकच असला, तरी दोन्ही कामांना कागद वेगवेगळ्या रूपात लागतो. बाहेर बसून काढण्याच्या चित्रांसाठी आर्चेस या फ्रेंच ब्रँडचा कोल्ड प्रेस (मध्यम दाण्याच्या कागदाचा) ब्लॉक, म्हणजे कडेने चिकटवलेला कागदांचा गठ्ठा, फार चांगला. वर्गात मात्र तो शिक्षकाच्या प्रात्यक्षिकापुरता ठेवावा आणि विद्यार्थ्यांना याच कागदाची सुटी शीट कापून द्यावीत.

कागद पूर्ण कॉटनचा आहे, ३०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. जिलेटिनचं साईझिंग (पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) नुसतं वरवर नाही, आतपर्यंत असतं. त्यामुळे ब्रशमधलं पाणी कागद एकदम पिऊन टाकत नाही. रंग थोडा वेळ वर राहतो आणि सावकाश मुरतो. ओला वॉश (पातळ रंगाचा पसरट थर) आधी लखलखतो, मग चमक मंदावते, मग चमक जाते पण कागद हाताला गार लागतो, आणि शेवटी वाळतो. निसर्गचित्रात सगळ्यात मोलाची ती मंद चमकेची वेळ. ढगांच्या मऊ कडा, दूरची झाडी, धुक्यात विरलेले डोंगर, सगळं तेव्हाच होतं. या कागदावर ही वेळ लांबते. प्रात्यक्षिक देताना याची किंमत कळते: आकाशाचा वॉश टाकून, वर्गाकडे वळून दोन वाक्यं समजावली तरी ढगाची कड मऊ करायला अवधी उरतो. लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदावर तेवढ्या बोलण्यात वॉश अर्धवट वाळलेला असतो. वरून ब्रश टेकवला की नवं पाणी आधीचा रंग कडेला ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. चमक मंदावल्यावर ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी हवं, म्हणून प्रत्येक वेळी तो आधी फडक्यावर टेकवावा. हा नियम आर्चेसवरही सुटत नाही, फक्त पाळायला वेळ मिळतो.

आता ब्लॉक. २० कागद, कडेने गोंदाने धरलेले, एका बाजूला सुरी घालायला छोटी फट. कागद ताणायला नको, बोर्ड नको, टेप नको. ३१ × ४१ सेंमीच्या ब्लॉकमध्ये नुसत्या कागदाचं वजन साडेसातशे ग्रॅमच्या वर जातं, पाठीचा पुठ्ठा वेगळा. पाठीवर सामान घेऊन चढण असेल तर २६ × ३६ पुरे.

ब्लॉक म्हणजे कागद फुगणारच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. भरपूर पाणी टाकलं की कॉटनचे तंतू फुलतात, कडा बांधलेल्या असल्यामुळे कागद मधे वर येतो आणि रंग उतरून कडेला साठतो. वाळताना तो पुन्हा ताणून सपाट होतो, पण तोवर कडेचं साठलेलं पाणी परत आत घुसून डाग पाडू शकतं. म्हणून ब्लॉक १५ अंशांच्या आसपास कलता ठेवावा आणि खालच्या कडेला जमलेला थेंब पिळलेल्या ब्रशने टिपत राहावा. फुगणं अजिबात नको असेल तर ६४० जीएसएमचा जाड कागद घ्यावा, ब्लॉक नव्हे.

दुसरी मर्यादा जास्त अडवते. ब्लॉकवरचा कागद मागून भिजवता येत नाही. पावसाळी आकाश, पूर्ण धुकं अशा विषयांत कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिक शीटवर चिकटवला तरच बराच वेळ ओला राहतो. त्यासाठी सुटं शीटच लागतं. शिवाय पहिलं चित्र वाळेपर्यंत खालचा कागद अडकलेला असतो, आणि उन्हाची दिशा थांबत नाही. सकाळी दोन चित्रं काढायची असतील तर दोन लहान ब्लॉक न्यावेत.

चित्र सोडवायची घाई करू नये. दमट कागद काढला तर तो वाकडा होतो आणि कडेला फाटतो. पूर्ण वाळल्यावर बोथट पॅलेट नाइफ फटीत घालून, पातं किंचित वरच्या बाजूला ठेवून चारही कडा फिरवाव्यात. धारदार कटरने खालचा कागदही कापला जातो.

झीज सोसण्यात हा कागद दणकट आहे. मास्किंग टेप हळू, तिरकी ओढली तर पृष्ठभाग सोलत नाही. वाळलेल्या रंगावर ब्लेडचं टोक ओढून चित्रातल्या पाण्यावरची चमक दाखवता येते. रंग उचलण्यात मात्र तो हट्टी. थॅलो ब्लूसारखा डाग धरणारा रंग पूर्ण निघत नाही. उचलण्याचाच सराव द्यायचा असेल त्या दिवशी बॉकिंगफर्ड हा कागद द्यावा. तो लगद्याचा आहे आणि रंग सहज सोडतो. पाण्यावर पडलेली उन्हाची तिरीप ड्राय ब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने) दाखवायची असेल तर कोल्ड प्रेसपेक्षा रफ या जास्त खडबडीत कागदाचा दाणा सरस, आणि ब्लॉक रफमध्येही मिळतो.

नवशिक्यांना आधी हलक्या दर्जाचा कागद द्यावा, हात बसला की कॉटन, असं बरेच शिक्षक करतात. ते उलटं आहे. हलक्या दर्जाच्या कागदावर दाखवलेला वॉश जमत नाही आणि विद्यार्थी दोष स्वतःच्या हाताला देतो. ५६ × ७६ सेंमीचं पूर्ण शीट घ्यावं, एका बाजूचे दोन आणि दुसरीचे चार भाग करावेत, म्हणजे १९ × २८ सेंमीचे आठ तुकडे होतात. दोन्ही बाजू वापरल्या तर सोळा सराव. दाण्यात थोडा फरक पडतो, सरावाला चालतो.

ब्लॉक दमट जागी ठेवू नये. ओलीने साईझिंग मरतं. मग वॉशमध्ये जिथे तिथे गडद ठिपके उमटतात आणि रंग तिथल्या तिथे शोषला जातो. जुना ब्लॉक बाहेर नेण्याआधी वरच्या कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब उभा राहिला तर ठीक. लगेच पसरून कागद काळपट झाला तर तो रंगासाठी वापरू नये, पेन्सिलीच्या स्केचला ठेवावा. भिजवल्यावर येणारा प्राण्याच्या ओल्या केसांसारखा वास मात्र जिलेटिनचा असतो, कागद खराब झाल्याचा नव्हे. वाळला की तो जातो.