रिपमाईम: मेलमधल्या फायली आपोआप बाहेर काढणारं टर्मिनलचं टूल, उद्यमबागेतल्या वापरावरनं

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ज्यांचं मशीन शॉप आहे त्यांना मेलचं दुखणं वेगळं सांगायला नको. ड्रॉइंग मेलवर, पीओ (खरेदीची ऑर्डर) मेलवर, कास्टिंगवाल्याचं बिल मेलवर, आता तर ट्रान्सपोर्टवाले एलआर कॉपी (माल चढवल्याची पावती) पण मेलवरच टाकालेत. ह्या सगळ्या फायली कुणीतरी बसून एकेक मेल उघडायचा, डाउनलोड दाबायचं, मग डाउनलोड्समधनं उचलून बरोबर फोल्डरात टाकायच्या. आमच्यात हे ऑफिसातल्या मॅडम करायच्या, आणि १४ तारखेला जीएसटीचं टू-बी (पार्ट्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की २० च्या थ्री-बीच्या (महिन्याच्या रिटर्नच्या) आत सगळी खरेदीची बिलं जुळवायची म्हणजे नुसती धावपळ, त्यात एखादं कोल्हापूरच्या पार्टीचं बिल सापडत नसलं की अख्खं ऑफिस ते शोधालंय.

तर ह्यावर मी रिपमाईम लावलं. पॉल डॅनियल्स नावाच्या माणसानं सी मध्ये लिहिलेलं छोटं टूल आहे, फुकट आहे, कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे उबुंटू किंवा डेबियन, असेल तर ॲपट ह्या कमांडनं एका ओळीत इन्स्टॉल होतं. विंडो नाही, बटण नाही, सेटिंगचं पान नाही, टर्मिनलवर कमांड टाइप करायची. मेलची फाइल द्यायची, फोल्डर सांगायचं, ते आतल्या सगळ्या अटॅचमेंट त्या फोल्डरात टाकतं आणि गप्प बसतं. काम झालं म्हणून सांगत पण नाही. पहिल्यांदा वाटलं चाललंच नाही, आणि फोल्डर उघडलं तर सगळ्या पीडीएफ पडलेल्या.

ते आत करतं काय हे जरा सांगतो, कारण पुढच्या भानगडी त्याशिवाय कळणार नाहीत. ईमेल म्हणजे मुळात नुसता मजकूर. फोटो, पीडीएफ असलं काही त्यात बसतच नव्हतं. १९९२ मध्ये बोरेनस्टाइन आणि फ्रीड ह्या दोघांनी माईम नावाची पद्धत काढली, त्यात फाइलचं बेस-६४ मध्ये रूपांतर करून अक्षरांचा ढीग करतात आणि मेलचे भाग पाडून मध्ये एक ठराविक खुणेची ओळ टाकतात. तीन बाईटचे चार होतात, म्हणून २० एमबीचं ड्रॉइंग पाठवताना २७ एमबीच्या आसपास होतं आणि मेलची मर्यादा २५ एमबी असली तर अडतं, पाठवणाऱ्याला कळत नाही का ते. जीमेलमध्ये "शो ओरिजिनल" दाबून बघा एकदा, मजा येते. रिपमाईम त्या खुणेच्या ओळींवर मेल फाडतं, अक्षरांची परत फाइल करतं, बस.

वापरायचं असं: कमांडच्या पुढं डॅश आय आणि मेलची फाइल, मग डॅश डी आणि फोल्डर. डॅश आयच्या पुढं नुसती एक डॅश दिली तर पाइपमधनं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडनं थेट, आलेला मेल घेतं, आणि खरा उपयोग ह्याचाच आहे. मेल आणायचं काम रिपमाईम करत नाही हे लक्षात ठेवा, त्याला सर्व्हर, पासवर्ड काही माहीत नाही. त्यासाठी मी फेचमेल लावलंय. फेचमेल जुनं, खात्रीचं, पण जरा खडूस आहे ओ. त्याच्या सेटिंगच्या फाइलला दुसऱ्या कुणाला वाचायची परवानगी असली तर सरळ चालायलाच नकार देतं (चमोड ६०० ही परवानगी बदलायची कमांड देऊन सोडा), आणि एमडीए, म्हणजे आणलेला मेल कुठल्या प्रोग्रामच्या हातात द्यायचा ते, सांगितलं नाही तर आणलेला मेल आपल्याच कॉम्प्युटरच्या २५ नंबर पोर्टवर द्यायला जातं, तिथं कोण बसलेलं नसतं, मग कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणून ओरडतं. एमडीएमध्ये आपली स्क्रिप्ट द्यायची, "कीप" लिहायचं म्हणजे सर्व्हरवरचा मेल जात नाही, झालं. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

आता जिथं बहुतेक लोक अडकतात ती गोष्ट. फेचमेल आयमॅपवर (सर्व्हरवरचा मेल वाचायची नेहमीची पद्धत) फक्त न वाचलेले मेल आणतं. म्हणजे मालकांनी सकाळी चहा पिताना फोनवर पीओचा मेल उघडून बघितला की तो "वाचलेला" झाला, फेचमेल त्याला हातच लावणार नाही, आणि फाइल फोल्डरात येणार नाही. सगळेच मेल आण म्हणून सांगायचा पर्याय आहे, पण मेल सर्व्हरवर ठेवायचे असतील तर प्रत्येक वेळी अख्खा डबा परत येतो. ह्यावर मला पटलेला उपाय म्हणजे एक वेगळा मेल आयडी, नुसता बिलं आणि ड्रॉइंगसाठी, जो कुणाच्याच फोनवर नाही. मेन आयडीवर फिल्टर लावायचा, अटॅचमेंटवाला मेल आला की त्याची एक कॉपी तिकडं जाऊ दे. मालक खुश, फेचमेल खुश.

रिपमाईमच्या स्वतःच्या खोडी पण आहेत. मेलचा मजकूर म्हणजे "डियर सर, प्लीज फाइंड अटॅच्ड" हा पण मेलचा एक भागच, त्याला नाव नसतं, मग ते टेक्स्टफाइल०, टेक्स्टफाइल१ अशा नावानं फोल्डरात पडतं. नो-नेमलेस हा ऑप्शन दिला की बंद होतं. पण सहीखालच्या लोगोला नाव असतं, आउटलुकवाले त्याला इमेज००१ म्हणतात, ते काही थांबत नाही, प्रत्येक मेलबरोबर एक लोगो, एक फेसबुकचं चिन्ह, एक झाडं वाचवा म्हणून हिरवं पान. मी ठराविक साइझपेक्षा लहान पीएनजी आणि जेपीजी नंतर फाइंड कमांडनं उडवतो. हे टूलनंच करायला पाहिजे होतं असं म्हणणार नाही, कारण एखादा गिऱ्हाईक फोनवर काढलेला पार्टचा बारका फोटो पाठवतो आणि तोच महत्त्वाचा असतो, हे टूलला कसं कळणार.

एकाच नावाची फाइल परत आली तर जुनीवर लिहीत नाही, नवीन नाव करतं. छान वाटतं, पण बिल पाठवणारे सगळेच "इन्व्हॉइस डॉट पीडीएफ" म्हणून पाठवत्यात, मग शेपटीला आकडे लागलेल्या इन्व्हॉइसचा एक ढीग तयार होतो आणि कुठलं कुणाचं पत्ता नाही. म्हणून प्रत्येक मेलला वेगळं फोल्डर करा: तारीख, पाठवणाऱ्याचा आयडी, मग आत फायली. आणि त्याच फोल्डरात मूळ मेल पण जशाचा तसा ठेवा. रिपमाईमला थेट एमडीए केलं तर फोल्डरात फायली राहतात पण मेल राहत नाही, बिल कधी आलं, कुणी पाठवलं हे दाखवायला तिथं काही उरत नाही, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने सांभाळायची असतात.

नावाचा विषय निघालाय तर आपल्याकडची गंमत. इथं निम्म्या फायलींची नावं इंग्रजीत, काहींची मराठीत, काहींची कन्नडात. मेलच्या हेडरमध्ये इंग्रजी सोडून कुठलंही नाव सरळ जात नाही, ते पण बहुतेक वेळा बेस-६४ करून जातं. सारखं बघून बघून मला आता न उलगडताच कळायलंय: चार-के-एस नं सुरू झालं की मराठी, चार-एल-के नं सुरू झालं की कन्नड. खरंच तसंच आहे, यूटीएफ-८ (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं बहुतेक प्रत्येक अक्षर, मात्रा तीन बाईटची आणि सुरुवातीचे बाईट तेच तेच, म्हणून बेस-६४ ची पहिली अक्षरं पण तीच. ह्याचा तोटा असा की लिनक्समध्ये फाइलचं नाव २५५ बाईटच्या वर जात नाही, म्हणजे देवनागरीत मात्रा, हलंत सगळं धरून ८५, आणि काही लोक अख्खा पत्ता फाइलच्या नावात लिहीत्यात. मी नावावर अवलंबूनच राहत नाही, काढल्यावर स्क्रिप्टच नवीन नाव देते.

आणि वर्गवारी? रिपमाईमचा तिथं काही संबंध नाही, पण आपल्या भागात ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे म्हणून सांगतो. आमची निम्मी खरेदी कोल्हापूर, इचलकरंजीकडनं, निम्मी इथली नाहीतर हुबळीची. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. काढलेल्या पीडीएफवर पीडीएफ-टू-टेक्स्ट (पीडीएफमधला मजकूर काढणारं टूल) चालवायचं, १५ अक्षरांचा नंबर शोधायचा, त्यातनं आपला स्वतःचा वगळायचा (तो प्रत्येक बिलावर असतोच, नाहीतर सगळीच बिलं २९ मध्ये जातात), उरलेला २७ नं सुरू झाला तर आयजीएसटीच्या (दुसऱ्या राज्यातली खरेदी) फोल्डरात, २९ असला तर सीजीएसटी-एसजीएसटीच्या (आपल्याच राज्यातली). निपाणीवरनं कागल दिसतंय जवळजवळ, पण टॅक्सला मध्ये बॉर्डर आहे की. स्कॅन करून पाठवलेल्या बिलात मजकूरच नसतो, फोटो असतो, ती एका बाजूला पडतात आणि मॅडम हातानं बघतात.

दुसरं टूल म्हणून मनपॅक पण वापरून बघितलं, एमपॅक नावाच्या पॅकेजमधनं येतं. एखाददुसरा मेल हातानं उघडायला चांगलं आहे, पण अटॅचमेंटच्या आधीचा मजकूर डॉट डेस्क अशा वेगळ्या फाइलीत टाकतं आणि नावातली त्याला न पटलेली अक्षरं काढून तिथं कॅपिटल एक्स लावतं, ते मला आवडलं नाही. शिवाय काही कंपन्यांकडनं विनमेल डॉट डॅट नावाची फाइल येते, ती आउटलुकची गाठोडी, आत खरी फाइल असते. रिपमाईम ती पण सोडवतं. मनपॅकबरोबर त्यासाठी टीनेफ नावाचं आणखी एक टूल ठेवावं लागलं.

एक धोका मात्र सांगायलाच पाहिजे. हातानं मेल उघडणारा माणूस "अर्जंट पेमेंट डॉट ईएक्सई" बघून थांबतो, स्क्रिप्ट थांबत नाही, ती सगळ्यांना सारखंच आत घेते. म्हणून ओळखीच्या पार्ट्यांच्या आयडीची यादी करा, बाकीच्यांच्या फायली वेगळ्या खोलीत, आणि सगळ्यावर क्लॅमस्कॅन हा व्हायरस शोधणारा स्कॅनर फिरवा. पासवर्ड लावलेली झिप आली तर स्कॅनरला आतलं काही दिसत नाही, ती पण बाजूलाच.

पाचात साडेचार देतो. अर्धा कापला तो कागदपत्रासाठी, मॅन पेज (टूलबरोबर येणारी माहिती) वाचून नवीन माणसाला काय बी कळत नाही, ऑप्शनची नुसती यादी आहे. दिवसाला चार-पाच मेल येणाऱ्यांनी ह्या नादाला लागू नये, डाउनलोड दाबा की सरळ. आणि टर्मिनल बघितलं की घाम फुटतो अशांनी शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एखाद्या पोराला धरा, संध्याकाळचं काम आहे, कुंदा दिला की करून देतं. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाकून हेच सगळं चालतं, फक्त रात्री पीसी बंद करून जायची सवय असेल तर सकाळी चालू केल्यावर फेचमेल आपोआप सुरू होईल असं बघा.