चवळी-करडईच्या सूपासाठी विकतचे धुरीचे मांस घ्यावे की घरीच धुंगार द्यावा?

अमेरिकेच्या दक्षिण भागात नववर्षाच्या दिवशी चवळी आणि कॉलर्ड नावाची जाड पानांची भाजी धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवून खाण्याची प्रथा आहे. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातही पांढरा घेवडा, सलगमाचा पाला आणि खारवलेले मांस यांचे असेच दाट सूप होते. मराठवाड्यात चवळी घरोघरी असते आणि हिवाळ्यात करडईची कोवळी भाजीही मिळते. प्रश्न उरतो तो मांसाचा, कारण डुकराचे मांस आपल्याकडे बहुतेक घरांत चालत नाही. तेव्हा धुरी दिलेल्या चिकनचे किंवा चिकन सॉसेजचे पाकीट आणावे, की हाडाचे ताजे मटण घेऊन त्याला निखाऱ्याचा धुंगार द्यावा, हे आधी ठरवावे लागते.

पाकिटातल्या मांसात धूर आणि मीठ आतपर्यंत मुरलेले असल्यामुळे ते शिजताना हळूहळू पाण्यात उतरते आणि चवळीच्या दाण्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गरम केलेले सूपही तितकेच चवदार लागते. मात्र या मांसात मीठ बरेच असते, म्हणून वरचे मीठ सूप तयार झाल्यावर चाखूनच घालावे. सॉसेजला हाड नसल्याने रश्शाला अंगचा दाटपणा येत नाही, आणि तो थोडी चवळी घोटूनच आणावा लागतो. शिवाय असा गोठवलेला माल मोठ्या शहरांतच भरवशाने मिळतो, आणि जिथे वीज वारंवार जाते तिथे तो साठवून ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही.

रश्शाच्या दाटपणात मटणाची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे. नळी आणि छातीचे तुकडे हळद-मिठात शिजवून आपण जे अळणी पाणी काढतो, तेच या सूपाचे उत्तम बूड आहे. हाडातून उतरणारा चिकटपणा विकतच्या सॉसेजमधून मिळणार नाही. धुंगारासाठी बाभळीच्या लाकडाचा लाल निखारा वाटीत ठेवून ती वाटी शिजलेल्या मटणावर ठेवावी, निखाऱ्यावर चमचाभर तूप सोडून झाकण घट्ट लावावे आणि पाच मिनिटांत वाटी काढून घ्यावी, कारण त्याहून अधिक वेळ ठेवल्यास कडवटपणा येतो. निखाऱ्यातून विषारी वायू निघतो, म्हणून खिडकी उघडी असणे आवश्यक आहे. हा धूर मुख्यतः वरच्या चरबीत बसतो, आत मुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बराचसा उडून जातो. त्यामुळे त्याच दिवशी भाकरीबरोबर संपणार असेल तर धुंगार, आणि दोन दिवस पुरवायचे असेल तर पाकीट, असा निर्णय मी घेईन.

चवळीऐवजी राजमा घ्यायचा विचार असेल, तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान 10 मिनिटे खळखळून उकळला पाहिजे, कारण कच्च्या राजम्यातील एक घटक पोट बिघडवतो. चवळीला एवढे सोपस्कार लागत नाहीत आणि ती भिजवली नाही तरी शिजते. बोअरचे जड पाणी असेल तर मात्र कोणतेच कडधान्य लवकर मऊ होत नाही, म्हणून शक्य असल्यास पिण्याचे गोडे पाणी वापरावे. चौघांसाठी 200 ग्रॅम चवळी आणि 250 ग्रॅम मांस पुरते.

पालेभाजीत पालक लवकर विरघळतो आणि सूप पातळ वाटते, तर करडईचे पान शिजल्यावरही अंग धरून राहते, म्हणून कॉलर्डची जागा तीच घेऊ शकते. परंतु करडई मुख्यतः तेलबियांसाठी पेरली जाते आणि रोप वाढले की पानांना काटे येतात, त्यामुळे विरळणीच्या वेळी उपटलेली कोवळी रोपेच भाजीला योग्य असतात. ही वेळ निघून गेली असेल तर अंबाडी घ्यावी. तिचा आंबटपणा मटणाच्या चरबीला चांगला पेलतो. मात्र आंबटामुळे चवळी शिजायला फार वेळ लागतो, म्हणून अंबाडी दाणा बोटाने सहज चेपू लागल्यावरच घालावी.